कंस राहिला होता

मुलांनो, आज मी तुम्हाला माझी एक फजिती सांगणार आहे. शिक्षकांची फजिती म्हटलं की तुमचे कान लगेच टवकारतात, हे मला चौदा-पंधरा वर्षांच्या नोकरीत चांगलं कळून चुकलं आहे. तेव्हा सरसावून बसा. आणि पालकांनो, तुम्हीही शेजारी बसून वाचलंत तर बरं होईल. यातला निम्मा भाग आपल्या मोठ्या माणसांसाठीच आहे.

आधी पाटीची गोष्ट सांगते. मी पहिली-दुसरीत असताना आमच्याकडे दगडी पाटी असायची. गुरुजी फळ्यावर पाच गणितं घालायचे. माझी चार बरोबर सुटायची आणि पाचव्यात हातचा चुकायचा. मग मी काय करायची? ओला बोळा घ्यायची आणि अख्खी पाटी पुसून टाकायची! पाचव्याबरोबर पहिली चारही जायची. शेजारची मैत्रीण फडक्याचं टोक बोटावर धरून चुकलेला आकडा तेवढाच अलगद पुसायची. माझ्या मनात मात्र पक्कं बसलं होतं, की चूक झाली म्हणजे पाटी कोरी झाली पाहिजे. ही खोड इतकी वर्षं माझ्यात दबा धरून बसली असेल, असं वाटलं नव्हतं. ती एकदम वर आली ती २०२४ च्या ऑगस्टमध्ये, संगणकासमोर.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातलं. इथं पाऊस लांबच्या पाहुण्यासारखा येतो. म्हणून आम्ही ठरवलं, या पाहुण्याची रोजची नोंद ठेवायची. आमच्या बालमंत्रिमंडळात आरोग्यमंत्री, सहलमंत्री, ग्रंथालयमंत्री होतेच. त्यात सातवीतल्या एका मुलीला आम्ही पाऊसमंत्री केलं. तिचं घर शाळेला लागूनच आहे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशीही नोंद चुकायची भीती नव्हती.

पाऊस मोजायला फार काही लागत नाही. सरळ उभ्या भिंतीची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापायचा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा. वरचं तोंड आणि खालची बाटली सारख्याच रुंदीची असली, की आत जितके मिलिमीटर पाणी उभं राहील तितके मिलिमीटर पाऊस. तळ सपाट नसतो, म्हणून आधी थोडी वाळू नि पाणी घालून शून्याची खूण करून घ्यायची. आपलं हवामान खातं सकाळी साडेआठला पाऊस मोजतं, म्हणून आमच्या पाऊसमंत्रीही साडेआठला पट्टी घेऊन हजर! १ जून ते ३१ जुलै अशा ६१ दिवसांच्या ६१ नोंदी तिच्या वहीत झाल्या. कित्येक दिवसांपुढे नुसतं शून्य होतं. पण शून्य हीसुद्धा नोंदच, हे तिनंच वर्गाला पटवून दिलं.

आता संगणकाकडे येते. आमच्याकडे दोन संगणक आहेत, गावानं वर्गणी काढून घेतलेले. माझा एक जुना विद्यार्थी तालुक्याला डिप्लोमा करतो. तो सुट्टीत आला होता तेव्हा त्यानं दोन्हींवर पायथन घालून दिलं. घाबरू नका, हा पायथन म्हणजे अजगर नव्हे! ती संगणकाला कामं सांगायची भाषा आहे. गिडो व्हॅन रॉसम नावाच्या डच माणसानं १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत ती रचायला घेतली आणि १९९१ मध्ये ती लोकांसाठी खुली केली. त्याला ‘मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस’ हा ब्रिटिश दूरदर्शनवरचा विनोदी कार्यक्रम फार आवडायचा, त्यावरून हे नाव. ही भाषा फुकट मिळते, त्यामुळे आमच्यासारख्या शाळेलाही परवडते.

पायथन सुरू केलं की एक काळी खिडकी उघडते आणि तिच्यात असे तीन बाण दिसतात:

>>>

याला प्रॉम्प्ट म्हणतात. ‘बोला, मी ऐकतोय’ असा त्याचा अर्थ. आपण एक ओळ लिहायची आणि एंटरची कळ दाबायची. पायथन ती ओळ वाचतो, काम करतो, उत्तर छापतो आणि पुन्हा तीन बाण दाखवतो. १७ गुणिले १९ विचारा, पापणी लवायच्या आत ३२३ हजर. मुलांनी पहिल्या दिवशी त्याला एवढे पाढे विचारले, की माणूस असता तर शाळा सोडून गेला असता.

मग पाऊसमंत्रीच म्हणाली, “बाई, आपला पाऊस ह्याच्यात भरायचा का? सरासरी काढता येईल.”

कल्पना झकास होती. तिनं वहीतून आकडे वाचायचे आणि एका मुलानं ते टंकायचे, असं ठरलं. या मुलाचं नाव मी सांगणार नाही, कारण हा अंक आमच्या शाळेत येतो. मुलगा अबोल. बोलायला लागला तरी एकेक शब्द विहिरीतून शेंदून काढावा तसा बोलतो. पण त्याचे हात भलतेच हुशार. त्यानं ‘पाऊस’ नावाची यादी केली आणि चौकोनी कंसात ६१ आकडे स्वल्पविराम देऊन भरले. चुका होत होत्या, पुन्हा तपासणं चाललं होतं. दोन तास गेले, शाळेचे तास हं, पण गेले! शेवटी यादी तयार झाली. पायथनला बेरीज विचारली. आली २१४. पाऊसमंत्रीनं वहीत बोटांवर केलेली बेरीजही २१४! वर्गानं टाळ्या वाजवल्या.

आता सरासरी काढायची. बेरजेला दिवसांच्या संख्येनं भागायचं. पायथनमध्ये बेरजेचा शब्द ‘सम’ आणि यादीत किती नोंदी आहेत हे मोजायचा शब्द ‘लेन’. हे सगळं इंग्रजी अक्षरांत लिहावं लागतं, मी तुम्हाला मराठीत लिहून दाखवते. मुलानं लिहिलं:

>>> सम(पाऊस) / लेन(पाऊस

आणि एंटर दाबलं.

उत्तर आलं नाही. तीन बाणही आले नाहीत. त्यांच्या जागी आली तीन टिंबं:

...

त्यानं पुन्हा एंटर दाबलं. पुन्हा तीन टिंबं. आणखी एकदा दाबलं. आणखी तीन टिंबं. मागून मुलं पुढं सरकली. “बाई, ह्याला काय झालं?” “बाई, बिघडला वाटतं!” कुणीतरी वरच्या कोपऱ्यातली एस्केपची कळ दाबून पाहिली. काही नाही. टिंबांची रांग खाली खाली चाललेली.

नेमके त्या दिवशी दुपारी केंद्रप्रमुख साहेब आमचा पाऊस बघायला येणार होते. माझ्या पोटात गोळा आला. एवढ्या मुलांसमोर ‘मला येत नाही’ हे तीन शब्द काही केल्या तोंडातून बाहेर पडेनात. तेवढ्यात तो अबोल मुलगा पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला,

“बाई, थांबा, मला वाटतंय ते कंस...”

“तू गप्प बस!” मी कडाडले. “तूच बिघडवून ठेवलंस सगळं. एवढी घाई करायला कुणी सांगितली होती?”

आणि खिडकीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर बाण नेऊन मी ती खिडकी बंद करून टाकली.

ओला बोळा आणि अख्खी पाटी! आठवलं ना?

पायथन पुन्हा सुरू केलं. तीन बाण आले. माझा जीव भांड्यात पडला. मी ‘पाऊस’ लिहून एंटर दाबलं. पायथननं सांगितलं, या नावाचं काही इथं नाही. ६१ दिवसांचा पाऊस गायब! प्रॉम्प्टवर लिहिलेल्या गोष्टी खिडकी उघडी आहे तोवरच संगणकाच्या ध्यानात राहतात, आपण त्या वेगळ्या जपून ठेवल्या नाहीत तर खिडकीबरोबर त्याही जातात. हे मला ऐकून माहीत होतं. माहीत असणं आणि वेळेवर आठवणं यांत किती अंतर असतं, ते त्या दिवशी कळलं.

वर्ग एकदम चिडीचूप. पाऊसमंत्रीनं वही छातीशी घट्ट धरली होती, जणू आता मी तीही पुसून टाकीन. केंद्रप्रमुख साहेबांना आम्ही वहीतलाच पाऊस दाखवला. त्यांनी कौतुक केलं. तो मुलगा मात्र उरलेला दिवसभर खिडकीबाहेर बघत होता.

संध्याकाळी मी माझ्या जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. सगळी हकिकत ऐकून तो म्हणाला, “बाई, खिडकी कशाला बंद केलीत? कंट्रोलची कळ दाबून धरायची आणि सी दाबायचं. झालं.”

“आणि आमची यादी?”

“यादी जागच्या जागी राहिली असती. जेवढं अर्धवट होतं तेवढंच रद्द झालं असतं आणि तीन बाण परत आले असते. नाहीतर नुसता राहिलेला कंस बंद करून एंटर दाबलं असतंत, तरी उत्तर आलं असतं की!”

राहिलेला कंस! मला चटका बसला. ‘बाई, थांबा, मला वाटतंय ते कंस...’ पोरगा हेच सांगत होता. त्याचं वाक्य मी अर्ध्यात तोडलं होतं, आणि वर चुकीचं खापर त्याच्याच डोक्यावर फोडलं होतं.

त्या रात्री मी वहीत ती ओळ पुन्हा लिहून पाहिली. तुम्हीही वर जाऊन बघा. कंस उघडले किती? दोन. बंद किती झाले? एक. एंटर दाबलं तेव्हा पायथननं हाच हिशेब केला आणि त्याला वाटलं, यांचं बोलणं अजून संपलेलं नाही, राहिलेलं पुढच्या ओळीत येईल. म्हणून तो थांबला. तो बिघडला नव्हता की रुसला नव्हता. तीन टिंबं म्हणजे ‘हं, पुढे?’

आपणही असंच करतो. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं. मी वर्गात येऊन “उद्या सगळ्यांनी शाळेत...” एवढंच म्हणून गप्प झाले, तर तुम्ही काय कराल? डोळे मोठे करून थांबाल. ‘या’ म्हणतात की ‘येऊ नका’ म्हणतात? सगळं त्या शेवटच्या शब्दावर. पायथनला तो बंद होणारा कंस म्हणजे आपलं क्रियापदच. ते येईपर्यंत नुसतं एंटर शंभरदा दाबलं तरी तो आपला शंभरदा ‘हं, पुढे?’ म्हणत राहणार.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेतल्यावर मी त्या मुलाला विचारलं, “काल तू मला काय सांगणार होतास?”

तो जमिनीकडे बघत म्हणाला, “काही नाही, बाई.”

मुलांनो, हे ‘काही नाही’ फार जड असतं. मी काल सगळ्यांसमोर ओरडले होते, तेव्हा आजचं बोलणंही सगळ्यांसमोरच व्हायला हवं होतं. मी म्हटलं, “काल चूक माझी झाली. तू बरोबर सांगत होतास आणि मी तुला पुरतं बोलूही दिलं नाही. वर यादी मी घालवली आणि बोल तुला लावला. मला माफ कर. आता सांग, काय होतं?”

बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, “कंस राहिला होता. दोन उघडले होते, एकच बंद केला होता. मी मोजत होतो.”

मागून एकजण ओरडला, “बाई, कंसाला बंद करायला कृष्ण लागतो!” सगळा वर्ग हसला. तोही हसला, थोडासा. मग लगेच कामाचं विचारलं, “परत टाईप करायचं का?”

करायचं होतंच. वही होती म्हणून पाऊस वाचला होता. या वेळी यादी आधी एका फाइलमध्ये लिहून जपून ठेवली, मग प्रॉम्प्टवर घेतली. सरासरी आली दिवसाला साडेतीन मिलिमीटरच्या किंचित वर. आणि मग आम्ही ठरवून एक तास चुका करण्यात घालवला. असा तास मी आधी कधी घेतला नव्हता.

पहिली चूक, मुद्दाम कंस उघडा ठेवायचा. तीन टिंबं आली. या वेळी कुणी घाबरलं नाही. कंट्रोल दाबून धरून सी दाबलं. पडद्यावर ‘कीबोर्ड इंटरप्ट’ असे शब्द उमटले, म्हणजे ‘कळफलकावरून थांबवलं’, आणि पुढच्या ओळीत तीन बाण. लगेच ‘पाऊस’ लिहून पाहिलं. ६१ च्या ६१ आकडे जागेवर! मुलांनी काय जल्लोष केला म्हणता!

एका मुलीनं विचारलं, “पण बाई, कंट्रोल-सी म्हणजे तर कॉपी ना?” प्रश्न अगदी बरोबर. लेख वगैरे लिहिताना या दोन कळा नक्कल करण्यासाठी वापरतात. पण या काळ्या खिडकीत त्यांचा अर्थ वेगळा आहे, आणि तो जास्त जुना आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत अक्षरांना क्रमांक देणारी एक यादी ठरली. तिला ‘अ‍ॅस्की’ म्हणतात. इंग्रजी अक्षरांत सी तिसरं. ते कंट्रोलबरोबर दाबलं की संगणकाकडे क्रमांक ३ जातो आणि त्या यादीत ३ चा अर्थ ‘मजकूर संपला’ असा आहे. पुढे हीच खूण ‘चाललंय ते थांबव’ या अर्थानं रूढ झाली.

दुसरी गंमत. तीन टिंबं दर वेळी चुकीचीच असतात असं नाही. ‘यादीतल्या प्रत्येक आकड्यासाठी अमुक कर’ असं काम सांगताना पहिली ओळ अपूर्णविरामानं संपते, तेव्हाही टिंबंच येतात. तिथं काम लिहून झाल्यावर एक मोकळी ओळ सोडून एंटर दाबलं की पायथन समजतो, संपलं. कंस उघडा असेल तर मात्र मोकळ्या ओळीनं भागत नाही. तेव्हा टिंबं दिसली की आधी आपलीच ओळ पुन्हा वाचायची. थोडक्यात पुरं होणार असेल तर पुरं करायचं. आपलं आपल्यालाच कळेनासं झालं असेल तर कंट्रोल-सी.

तिसरी गंमत मुलांना सगळ्यांत आवडली. आम्ही पायथनला ‘पाऊस पाऊस’ असं कायम छापत राहायला सांगितलं. पडदाभर धो धो पाऊस! एवढा पाऊस आमच्या गावानं कधी पाहिला नसेल. तोही कंट्रोल-सीनं थांबला. ते चालू काम मध्येच थांबवतं, तेही असं.

चौथी मात्र गंमत नव्हती. पाऊसमंत्रीनं विचारलं, “बाई, चूक पुरी करून एंटर दाबलं तर?” मी म्हटलं, करून बघ. तिनं लिहिलं, पाऊस म्हणजे रिकामी यादी. एंटर. तीन बाण निमूटपणे परत आले. मग तिनं कंट्रोल-सी दाबलं, एकदा, दोनदा, तीनदा. यादी रिकामी ती रिकामीच. फाइल होती म्हणून पाऊस परत मिळाला. पण मुलांच्या पक्कं ध्यानात आलं, की कंट्रोल-सी अर्धवट गोष्ट सोडवतं, झालेली गोष्ट फिरवत नाही. धनुष्यातून सुटलेला बाण काही परत भात्यात येत नाही. बाण ओढलेला आहे तोवरच हात आवरायचा. मला आदल्या दिवशीचं माझं ‘तू गप्प बस’ आठवलं. ते वाक्य मी पुरं करून एंटर दाबून बसले होते. त्याला कंट्रोल-सी नव्हतं, माफीच मागावी लागली.

त्या आठवड्यात माझ्या वर्गात एक बदल झाला. आमच्याकडे पाढे म्हणताना कुणी सतरा साती शंभर म्हणालं, की मी म्हणायची, “चूक! पहिल्यापासून.” मग बिचारा पुन्हा सतरा एके सतरापासून सुरू, आणि आता घाबरल्यामुळे सतरा चोकालाच अडखळायचा. म्हणजे मी मुलांनाही अख्खी पाटीच पुसायला लावत होते! आता नियम असा आहे, की चुकतंय असं वाटलं तर म्हणणाऱ्यानं स्वतःच ‘रद्द’ म्हणायचं आणि तेवढंच वाक्य पुन्हा घ्यायचं. सतरा सकपर्यंत आलेलं आलेलंच, ते कुणी काढून घेत नाही. ‘रद्द’ म्हटल्यावर हसायचं नाही. आणि दुसऱ्याचं वाक्य दुसऱ्यानं रद्द करायचं नाही. हा शेवटचा नियम वर्गानं घातला, आणि तो कुणाकडे बघून घातला हे मला बरोबर कळलं.

तो अबोल मुलगा अजूनही थांबत थांबतच बोलतो. पण आता त्याच्या वाक्यांना शेवट असतो, कारण आम्ही शेवटापर्यंत थांबतो. मध्ये तो अडला की वर्गातलं कुणीतरी हवेत बोटानं तीन टिंबं काढतं. म्हणजे ‘हं, पुढे?’ त्याला ते आवडतं, असं त्यानंच सांगितलं. नसतं आवडलं तर आम्ही बंद केलं असतं.

तुमच्या शाळेत किंवा ओळखीच्या कुणाकडे संगणक असेल, तर तुम्हीही मुद्दाम एक कंस उघडा ठेवून बघा. आधी तो कंस बंद करून उत्तर मिळवा, मग दुसऱ्यांदा उघडून कंट्रोल-सी करा. खिडकी बंद करायची घाई मात्र करू नका. आणि संगणक नसेल तर पाऊस तरी मोजा. त्याला एक बाटली पुरते.

आता शेवटची हकिकत. जानेवारीत एकदा मी वह्या तपासत होते. एका मुलाची वही तिसऱ्यांदा अपुरी. मी मान वर करून सुरुवात केली, “तू ना, नेहमी...”

आणि थांबले. पुढे काय येणार होतं ते मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. कुणी हालेना. तेवढ्यात मागच्या बाकावरून त्या अबोल मुलाचा आवाज आला, अगदी शांत,

“बाई, टिंबं आलीत.”

मी टेबलावर दोन बोटं ठेवली, एक कंट्रोलवर ठेवावं तसं आणि एक सीवर.

“रद्द,” मी म्हटलं. “हां, आता तू सांग. वही का राहिली?”

आणि मग त्यानं सांगितलं. शेवटपर्यंत.